आयत्या वेळचा विषय

जुलै महिन्यात अमिरातीत येऊ नये, हे मला कोणी शिकवायला नको. अकरा उन्हाळे काढलेत मी या देशात. पण नातीने जन्माला यायला नेमका जुलै निवडला, तेव्हा आजीने पुण्याच्या गार हवेला रामराम ठोकला आणि ती अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत लेकाच्या घरी येऊन बसली. बाळ छान आहे. रडतं तरी मराठीत, असं माझा नवरा विनय म्हणतो. पुढे कशात बोलेल ते तिच्या आईवडिलांच्या हातात आहे.

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मी आणि विनय कोपऱ्यापर्यंत चालून येतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोघंही अर्धा मिनिट जागच्या जागी उभे राहतो. परवा चष्मा पुसून वर पाहिलं, तर रस्त्याकडेच्या खजुरीच्या झाडांना घोस लागलेले, आणि प्रत्येक घोसाला जाळीची पिशवी बांधलेली. काही फळं अजून पिवळी, टणक. काहींची टोकं तपकिरी होऊन मऊ पडलेली. या अर्ध्या पिकल्या फळाला इथे रुतब म्हणतात. त्याचा एक ओला गुळचट वास असतो, आणि तो दमट हवेत रेंगाळत राहतो. मी थांबले. विनयही थांबला.

"जाळ्या," तो म्हणाला.

एवढ्यावर आम्ही दोघं हसलो. खजुराला जाळ्या बांधायचा शोध आपणच लावला, असं विनयला अजमानमधल्या एका उन्हाळ्यात वाटत होतं, आणि आतून अजूनही वाटतं. तसं वाटायला लावणारा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये राहत होता. त्यांचं नाव खतीबचाचा.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही अजमानला राहायचो, कारण दुबई परवडत नव्हती आणि शारजा परवडता परवडता राहून जायची. विनयचं ऑफिस शारजाला होतं. चार मजल्यांची बिल्डिंग, खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, मागे मोकळी वाळूची जागा आणि तिथे तीन खजुरीची झाडं. जून संपला की बिल्डिंग रिकामी व्हायची. बायका-मुलं सुट्टीला आपापल्या गावी, आणि मागे उरलेले पुरुष अंड्यावर दिवस काढायचे. त्या वर्षी आम्ही नवी गाडी घेतली होती, म्हणून तिकिटं काढली नाहीत. मी आणि आठ वर्षांचा निखिल तिथेच राहिलो.

उन्हाळ्यात तिथे नळाला पाणी उकळतं येतं. मग आम्ही गीझर बंद करायचो आणि गीझरमधलं साठलेलं पाणी गार म्हणून वापरायचो. नव्याने आलेल्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आपल्या तोंडाकडे बघत राहतो. निखिल मात्र त्या उलट्या जगातच वाढलेला. पुण्याला गेल्यावर आजीकडे त्याने गार पाण्यासाठी गीझरचा नळ सोडला होता.

खतीबचाचा वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. वय सत्तरीच्या जवळ, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि खिशाला शाईचं पेन. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावाचे ते नगराध्यक्ष होते. होते म्हणजे मागे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मुलगा सलीम रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा, कारण तेव्हा शुक्रवारची सुट्टी असे. सून रेहाना मुलांना घेऊन कोकणात गेली होती. चाचांना मात्र सलीमने पाठवलं नाही. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं, हे एक कारण. दुसरं कारण सलीम उघड बोलायचा नाही. गावात पाय ठेवला की अब्बा पुन्हा राजकारणात पडतील, ही त्याची भीती होती.

म्हणून त्या उन्हाळ्यात चाचांचं दुपारचं जेवण आमच्याकडे असे. त्या बदल्यात ते निखिलला मराठी वाचायला शिकवायचे. मी तीन वर्षं डोकं फोडून जे झालं नव्हतं, ते त्यांनी महिन्यात केलं. मी काही विचारलं की निखिल "आय डोंट नो, आई" म्हणायचा. चाचांनी विचारलं की "माहीत नाही, अध्यक्षमहोदय" म्हणायचा. हे त्यांनीच शिकवलं होतं. मला चाचांचा फार लळा लागला होता, हे इथे सरळ सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते त्यापायीच.

संध्याकाळी पाच वाजता ते लिफ्टसमोरच्या फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत. बिल्डिंगचे नातूर, म्हणजे वॉचमन, आलमभाई शेजारी भिंतीला टेकून बसत. हे बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे, पन्नाशीचे, चाचांहून जास्त गप्प. येणारा-जाणारा तिथे दोन मिनिटं थबके. दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी नर्स, वसईचे डिमेलो अंकल, तळमजल्यावरचे सुदानी मास्तर, सगळे त्यांना "प्रेसिडेंटसाब" म्हणायचे. गमतीने सुरू झालेलं नाव होतं. चाचांनी ते गंभीरपणे घेतलं.

तर, झाडांचं प्रकरण. विनयने नवी गाडी बरोबर खजुरीच्या सावलीत लावली. एका आठवड्यात बॉनेटवर चिकट डाग पडले, आणि उन्हात ते असे भाजून बसले की साबणाने निघेनात. येणारे-जाणारे खाली पडलेले खजूर तुडवायचे, मुंग्या लिफ्टपर्यंत यायच्या, आणि वरच्या घोसांवर ज्याचा हात पोचेल त्याचा हक्क. विनय चिडला. मालकाच्या ऑफिसला अर्ज द्यायचा, घोस कापून टाकायला लावायचे, खलास, असं त्याने लॉबीत जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दाराशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: सभेची सूचना. खाली हिंदीत गोषवारा. विषय एक, खजुरीच्या झाडांबाबत विचार करणे. विषय दोन, आयत्या वेळचे विषय. शेवटी "आपला विश्वासू, अध्यक्ष".

"चाचा, मराठी कोण वाचणार इथे?" मी विचारलं.

"सभेचं कामकाज मला दुसऱ्या कुठल्या भाषेत येत नाही गो. आणि तुझं अक्षर चांगलं आहे. तू सेक्रेटरी."

अशी मी सेक्रेटरी झाले. शंभर पानी वही आणली. सभेत विनयने तावातावाने तक्रार मांडली, अर्धी हिंदीत, अर्धी इंग्रजीत. "सी, धिस इज प्रॉपर्टी डॅमेज. कल कोई और गाडी होगी." चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

"तक्रार तुमची सगळ्यात मोठी. म्हणजे विचार पण तुम्हीच सगळ्यात जास्त केलेला असणार. ठराव तुम्ही मांडा. फक्त असा मांडा की कोणाला नाही म्हणता येणार नाही. सूचक तुम्ही, अनुमोदक मी."

माझा नवरा तीन संध्याकाळी ते पेन घेऊन बसला. आधी नुसता कुरकुरत. मग तो आलमभाईंना घेऊन झाडं बघून आला. मग बाजारात जाऊन मासे विकणाऱ्याकडून जाळ्यांची चौकशी करून आला. तिसऱ्या दिवशी त्याने ठराव आणला: घोसांना जाळ्या बांधाव्यात, झाडांखाली कोणी गाडी लावू नये, आणि खजूर पिकल्यावर एका शुक्रवारी उतरवून सगळ्या घरांत वाटावेत. हीच कल्पना आलमभाई गेली चार वर्षं मनात बाळगून होते, असं नंतर कळलं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विनय मात्र पुढे महिनाभर भेटेल त्याला जाळीचं तंत्र समजावून सांगत होता.

"हीच तुमची पद्धत का?" मी चाचांना नंतर विचारलं.

"विरोधी माणूस वाईट नसतो. रिकामा असतो," ते म्हणाले. "त्याच्या हातात पेन द्यायचं. आणि आपण अनुमोदनाला राहायचं. अध्यक्षाला तेवढं पुरतं."

आणखी एक नेम त्यांचा होता. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला आधीच्या सभेचं इतिवृत्त वाचून घ्यायचं. चूक असेल तर कोणीही दुरुस्ती सुचवावी, नसेल तर सगळ्यांनी हात वर करून ते कायम करायचं. मी एकदा लिहिलं होतं की सभा वेळेवर सुरू झाली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दहा मिनिटं उशीर झाला होता. डिमेलोची वाट बघत होतो." मी खोडून दुरुस्त केलं. "इतिवृत्तात खोटं नको, सेक्रेटरीबाई. तोंडाने एक वेळ बोललं तर ते हवेत जातं. वही राहते."

तिथे घरोघर पोस्टमन येत नाही. प्रत्येकाचं टपाल कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या पेटीत पडतं, आणि ऑफिसातला माणूस ते घरी आणतो. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची पत्रं विनयच्या ऑफिसच्या पेटीवर, त्याच्या केअर ऑफ यायची. जुलैच्या मध्याला एक दिवस त्याने पाकीट आणून ओट्यावर ठेवलं आणि तो अंघोळीला गेला. त्याच्या घामाने खिशातच वरची शाई पसरली होती. नावाची ओळ गेलेली, खालचं विनयचं नाव तेवढं शाबूत, अक्षर मराठी. सासूबाईंचं समजून मी ते फोडलं. पहिल्याच ओळीत "प्रिय भाई" दिसलं, तेव्हा घडी घालून बाजूला ठेवायला हवं होतं. मी पूर्ण वाचलं.

पत्र चाचांच्या गावच्या शेट्ये नावाच्या दुकानदाराचं होतं. लिहिलं होतं की आता नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा आहे. गावात दोन्ही समाजांतले लोक तुमचं नाव घेतात. तुमच्याविरुद्ध ठराव मांडणारा मी होतो, हे मी विसरलेलो नाही. फोनवर हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहितो. या वेळी तुमच्या अर्जावर सूचक म्हणून सही मला करू द्या. महिनाभरात होकार कळवा, नाहीतर लोक दुसऱ्या नावाकडे वळतील.

मी ते पत्र तूरडाळीच्या डब्यामागे ठेवलं. आज देते, उद्या देते. ते गेले तर निखिलला कोण शिकवणार, हे मी स्वतःला सांगितलं. दुपारी माझ्यासमोर बसून आमटी ओरपणारं कोणी उरणार नाही, हे सांगितलं नाही.

गुरुवारी सलीम आला तेव्हा मी ते त्याला दाखवलं. त्याने दारातच उभ्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, यू डोंट नो. त्या ठरावानंतर अब्बा एक वर्ष घराबाहेर पडले नव्हते. बाजारात सुद्धा नाही. आता ही हार्टची कंडिशन, आणि परत तेच लोक? हे तुमच्याकडेच राहू द्या. टाइम बघून मी सांगतो, इन्शाल्ला."

गल्फमध्ये राहिलेल्या कोणालाही हे इन्शाल्ला कसलं ते कळेल. पत्र डब्यामागे परत गेलं. दुपारी चाचा जेवायला आले की माझी नजर फडताळाकडे जायची. ते मात्र निवांत असत. त्या दिवसांत त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते माझ्या हातच्या जेवणाने चढलं, याचा मला अभिमान होता. चोराने घराची राखण करावी आणि वर पगार मागावा, अशातली गत.

झाडांवरच्या जाळ्यांत खजूर पिकत होते. आधी पिवळे, मग टोकाकडून तपकिरी, मग सगळेच सुरकुतलेले. निखिल रोज खाली जाऊन बघून यायचा आणि चाचांना अहवाल द्यायचा, मराठीत. "आज सात घोस मऊ आहेत, अध्यक्षमहोदय." ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी उतरवायचं ठरलं.

त्याच्या आधीच्या बुधवारी, दुपारच्या जेवणानंतर, लिफ्ट बंद पडली म्हणून चाचा आमच्याकडेच थांबले. निखिलने त्यांना विचारलं, "तुम्ही प्रेसिडेंट होता, मग स्टॉप का केलं?"

मी ओट्याशी होते. चाचांनी पाय वर घेतले आणि सांगायला सुरुवात केली, जणू समोर आठ वर्षांचा मुलगा नसून सगळी नगरपालिका आहे.

गावात स्मशानाला छप्पर नव्हतं. आषाढात प्रेत भिजायचं, लाकडं पेटायची नाहीत, लोक तासन्‌तास पावसात उभे. अध्यक्ष झाल्यावर पहिल्या वर्षाच्या निधीत चाचांनी तिथे पत्र्याची शेड बांधली. तेव्हा त्यांच्या मोहल्ल्यातले लोक रागावले; आपला माणूस अध्यक्ष झाला आणि कब्रस्तानाची पडकी भिंत तशीच. पुढच्या वर्षी त्यांनी कब्रस्तानाची भिंत बांधली. तेव्हा बाकीचे रागावले. शेवटी आपल्यांचंच बघितलं म्हणाले. मग देशातली हवा बिघडली, आणि त्या हवेत दोन्हीकडच्या रागाला धार चढली. अविश्वासाच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या पडल्या.

"तसं बघितलं तर सगळ्यांना एकत्र मीच आणलं," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

सभेच्या दिवशी उपाध्यक्ष शेट्येंनी ठराव वाचला. चाचांचा बालमित्र. वाचून झाल्यावर हेडक्लार्कने विचारलं, अनुमोदन कोणाचं? सह्या बंद खोलीत झाल्या होत्या. उभं राहून बोलायची वेळ आली तेव्हा एकही माणूस उठेना. पंखा फिरत होता. शेट्ये मान खाली घालून उभे.

"त्याची ती अवस्था मला बघवेना," चाचा म्हणाले. "मी उठलो. म्हटलं, अनुमोदन माझं."

"तुमच्याच अगेन्स्ट?" निखिलने विचारलं.

"हां. कायद्यात बसत नसेल. पण माणसाला असं मध्येच उभं सोडू नये. हेडक्लार्क म्हणाला, भाई, हे वहीत कसं लिहू? गाळतो. म्हटलं, गाळू नको. जसं झालं तसं लिही. शेट्येने वाचलं, खतीबने अनुमोदन दिलं. मग मी खुर्ची सोडली आणि घरी गेलो."

निखिलला ही गोष्ट फारशी कळली नसावी. तो पुन्हा खजूर बघायला खाली पळाला. मी हात पुसले, फडताळ उघडलं, डबा सरकवला आणि पत्र आणून चाचांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे तुमचं आहे. चुकून फोडलं, पण वाचलं जाणूनबुजून. बावीस दिवस झाले. सलीमभाईंना दाखवलंय. तुम्हाला नाही दिलं."

रडू येत होतं, ते मी दाबलं नाही. चाचांनी आधी तिकिटावरचा शिक्का बघितला. मग पत्र दोनदा वाचलं. शेट्येंचं अक्षर ओळखताना त्यांचं बोट ओळीवरून हळू फिरत होतं. वाचून झाल्यावर घडी घालून त्यांनी ते पेनाशेजारी खिशात ठेवलं.

"जावंसं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"रोज," ते म्हणाले. "रोज वाटतं. पण सलीमला दुखवून मी एक पाऊल उचलणार नाही. शुक्रवारी सभेत घेऊ. आयत्या वेळचा विषय."

ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सभेत घेणार म्हणजे वहीत येणार. जसं झालं तसं. विनयला मी काहीच सांगितलं नव्हतं. पाकिटावरचं नाव त्याने ऑफिसातच वाचलं होतं, आणि पत्र त्याच दिवशी वर पोचलं असं तो समजून चालला होता. आता सगळ्या बिल्डिंगसमोर, माझ्याच अक्षरात, माझी चोरी लिहिली जाणार होती.

शुक्रवारी सकाळी आलमभाई कमरेला दोर बांधून झाडावर चढले. खाली सुदानी मास्तरांनी चादर धरली. एकेक घोस दोराने खाली आला, जाळीसकट. चौदा घरांचे चौदा ढीग लॉबीच्या फरशीवर लागले, कोणाचा मोठा नाही, कोणाचा लहान नाही. सुट्टीवर गेलेल्यांचेही ढीग लावले. डिमेलो अंकलनी एक खजूर तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "प्रेसिडेंटसाब, आमच्या हॉटेलात शेख लोकांना देतो ना, त्याच्यापेक्षा भारी आहे, बघा." सगळ्यांचे हात चिकट झाले होते. मी मात्र हात पुसून वही घेऊन बसले होते.

मागचं इतिवृत्त कायम झालं. वाटपाचा ठराव झाला. मग चाचांनी खिशातून पत्र काढलं.

"आयत्या वेळचा विषय. अध्यक्षांच्या नावे एक पत्र आहे. सलीम, वाच."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने वाचलं, मध्येमध्ये हिंदीत सांगत. "सूचक म्हणून सही मला करू द्या" ही ओळ त्याने दोनदा वाचली.

"अब्बा, माझं नाही आहे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो. तुमचं हार्ट, तुमची उमर, आणि त्या लोकांनी काय केलं ते मी पाहिलंय. तुम्ही रात्री नुसते बसून असायचे. मला ते परत नाही बघायचं."

चाचांनी ऐकून घेतलं. खिशातलं पेन काढून मुलापुढे धरलं. "तक्रार तुझी सगळ्यात मोठी. ठराव तू मांड. नाही मांडलास तरी चालेल. विषय तिथे संपला, मी पुन्हा काढणार नाही."

मला सभा कळू लागली होती, म्हणून कळलं की ही युक्ती नव्हती. ते खरंच थांबले असते. सलीमलाही ते कळलं असावं. त्याने पेन घेतलं आणि बराच वेळ पेनाकडेच पाहत राहिला. कोणीतरी बकाल्यातून लबान, म्हणजे ताक, मागवलं होतं, त्याचे गार डबे तसेच राहिले.

"गोळ्या वेळेवर," सलीम शेवटी म्हणाला. "दर शुक्रवारी फोन, मी करणार. प्रचारात डोंगर चढायचा नाही. आणि हरलात तर त्याच आठवड्यात परत, इकडे. या कंडिशनवर... अब्बांनी जावं. मी मांडतो."

"अनुमोदन?" चाचांनी विचारलं.

विनयचा हात वर गेला, डिमेलो अंकलचा गेला. काय चाललंय ते पुरतं न कळताही सुदानी मास्तरांनी हात वर केला. चाचा त्यांच्यापैकी कोणाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

मी उभी राहिले. "अनुमोदन माझं," मी म्हणाले. नीट म्हणाले, कोणीही ऐकावं असं.

मग त्यांनी मला लिहायला सांगितलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. विषय तीन, आयत्या वेळचा. आता पुढची ओळ येणार होती.

"लिही," चाचा म्हणाले. "आजच्या टपालाने आलेले पत्र सभेत वाचण्यात आले."

माझं पेन थांबलं. "चाचा," मी अगदी हळू म्हणाले, "आज शुक्रवार."

शुक्रवारी अजमानमध्ये टपाल येत नसे. ऑफिसं बंद, पेट्या बंद. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"लिही, सेक्रेटरीबाई," ते म्हणाले, आणि खजुराचा माझा ढीग उचलून माझ्या ओटीत घातला.

मी लिहिलं.

त्याच दुपारी सलीमने शेट्येंना फोन लावून दिला. चाचा पाच मिनिटं बोलले, त्यातली चार नुसतं "अरे, रडतोस काय" असं. सप्टेंबरच्या अखेरीस ते गेले. विमानतळावर निखिल त्यांच्याशी फक्त मराठीत बोलला, एकही इंग्रजी शब्द न घालता, आणि घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून पडून राहिला. माझ्या स्वयंपाकाचा अंदाज महिनाभर चुकत होता, आमटी उरायची.

चाचा निवडून आले. पूर्ण मुदत अध्यक्ष राहिले. दर शुक्रवारी सलीमचा फोन, आणि त्यात कधीमधी आमच्यासाठी निरोप: खाडीवरचा धक्का झाला, मुलींच्या शाळेला पाणी आलं, ठराव कोणी मांडला विचारा, विरोधी पक्षाने. मुदत संपल्यावर दोन वर्षांनी, दुपारच्या जेवणानंतर खुर्चीतच ते गेले. एक भिंत त्यांनी बांधली होती, तिच्या आत त्यांना ठेवलं. शेट्ये शेवटपर्यंत खांद्याला होते, असं सलीमने सांगितलं. हे सगळं आठवून मला वाईट वाटत नाही. ज्याला जायचं होतं तो गेला, त्याला हवं तिथे गेला. माझ्यामुळे ते राहून गेलं असतं, हे मात्र मी अजून विसरलेले नाही.

ती शंभर पानी वही माझ्याकडे आहे. त्या शुक्रवारच्या सभेचं इतिवृत्त तिच्यातलं शेवटचं. त्यानंतर सभाच झाली नाही. त्यामुळे ते वाचून कायम करायचं राहिलं आहे, आणि जे कायम झालं नाही त्याला दुरुस्ती सुचवता येते. त्यांच्याच सभेचा नेम आहे.

तर, चाचा, ही माझी दुरुस्ती. ते पत्र त्या दिवशीच्या टपालाने आलं नव्हतं. ते बावीस दिवस माझ्या तूरडाळीच्या डब्यामागे होतं. तुम्ही आयुष्यात वहीत एकच खोटी ओळ लिहवलीत, ती माझ्यासाठी, माझ्याच हाताने. ती तशी राहू नये.

एवढं लिहून झालं तेव्हा मी हे पान विनयला वाचून दाखवलं. पाळण्याची दोरी त्याच्या हातात होती, ती थांबली. वीसेक वर्षांत पहिल्यांदा त्याला हे कळत होतं. बाळ कुरकुरलं, तसा तो पुन्हा दोरी ओढू लागला.

"बावीस? नक्की?"

"नक्की."

"मग दुरुस्ती राहू दे तशीच," तो म्हणाला. "अनुमोदन माझं."